मनातल्या पापाचे काय करावे?

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा हा सोहळा. अशा प्रसंगी निकालांचा आणि पारितोषिकांचा गौरव व्हावा, हे उचितच आहे. मला मात्र ज्याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही, अशा एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. मैत्रिणीचे नाव पहिल्या क्रमांकासाठी पुकारले जाते, आपण टाळ्या वाजवतो, आणि त्याच क्षणी मनात येते, ‘हिचा एखादा पेपर बिघडला असता तर बरे झाले असते.’ हा विचार दुसरे कोणी ऐकत नाही. पण आपण ऐकतो. मग दिवसभर वाटत राहते की आपल्याइतके हलके मन जगात दुसऱ्या कोणाचे नसेल.

या अबोल अपराधाचा विचार आपल्या परंपरेने फार पूर्वी आणि फार मोकळेपणाने केला आहे. त्यासाठी आपण क्षणभर वाराणसीला जाऊ.

ज्येष्ठ शुद्ध दशमीला तेथील दशाश्वमेध घाटावर पहाटेपासून स्नानासाठी गर्दी लोटते. हा गंगादशहरा. दहा पापे हरण करते ती दशहरा. त्यांपैकी तीन पापे देहाची : न दिलेली वस्तू घेणे, हिंसा आणि व्यभिचार. चार वाणीची : कठोर बोलणे, असत्य, चहाडी आणि निरर्थक बडबड. उरलेली तीन केवळ मनाची : परधनाचा अभिलाष, दुसऱ्याचे अनिष्ट चिंतणे आणि खोट्याचा दुराग्रह. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायातही हीच विभागणी आढळते.

या यादीतील दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की ती सर्वांसाठी एकच आहे. पंडित असो, नावाडी असो वा दूरदेशीचा यात्रेकरू असो, घाटाची पायरी उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असे काही असणारच, हे तिने गृहीत धरले आहे. ‘मीच एकटा वाईट’ ही समजूत तेथे टिकत नाही. दुसरी गोष्ट ‘चिंतणे’ या शब्दात आहे. मनात डोकावून गेलेला विचार आणि चिंतन यांत, वाटेने जाणारा वाटसरू आणि ओसरीवर पथारी पसरून बसलेला पाहुणा यांच्याइतके अंतर आहे. वाटसरू आपण बोलावलेला नसतो. पाहुण्याला मात्र आपणच बसवून घेतलेले असते.

नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये याच वाराणसीत पूर्ण केली. त्या स्कंधात उद्धव श्रीकृष्णाला विचारतो, की दुर्जनांनी केलेला अपमान विद्वानांनाही सोसत नाही, तर तो सोसावा कसा? एवढा ज्ञानी भक्त मनाची दुर्बलता उघड बोलून दाखवतो, आणि भगवंत त्याला दोष देत नाहीत. सोसणारे विरळाच, हे मान्य करून ते अवंतीच्या कृपण ब्राह्मणाची कथा सांगतात. धन गेल्यावर भिक्षू झालेला तो ब्राह्मण लोकांकडून छळ सोसतो आणि शेवटी ओळखतो, की सुखदुःखाचे मूळ लोकांत नाही, ग्रहांतही नाही. ते मनात आहे.

वाराणसीजवळच्या सारनाथला ज्यांनी पहिले प्रवचन दिले, त्या भगवान बुद्धांनीही पुढे भिक्षूंना सांगितले होते, की बोधीपूर्वी ते स्वतःच्या विचारांचे दोन भाग करीत. द्वेषाचा विचार उठला, की तो स्वतःला आणि इतरांना अपायकारक आहे हे ते पाहत, आणि तो मावळे. ज्याचे चिंतन वारंवार करावे, तिकडेच मन कलते, असेही त्यांनी सांगितले. बुद्धांच्याही मनात असे विचार उठत होते, हे आपण विसरू नये.

आता वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. वाराणसीत मुक्तिभवनासारख्या वास्तू आहेत. अंतकाळ जवळ आलेल्या माणसाला घेऊन नातलग तेथे येतात आणि वाट पाहतात. अशी वाट आपल्यापैकी अनेकांनी घरी, खाटेशेजारी बसून पाहिली असेल. रात्रंदिवस शुश्रूषा करून थकलेल्या लेकीच्या किंवा सुनेच्या मनात ‘आता सुटका व्हावी’ असे येते, आणि पुढे कित्येक वर्षे तो एक विचार तिला छळतो. तिने हजार वेळा पाजलेले पाणी मात्र तिच्या हिशेबात येत नाही. माझी विनंती आहे, की तो हिशेब पुरा मांडावा. विचार थकव्याचा होता. सेवा तिची होती.

मग मनातल्या पापाचे करावे तरी काय? प्रथम त्याला त्याच्या नावाने ओळखावे : हा मत्सर, हा राग, हा थकवा. मनावरचा भार असह्य झाला, तर आईजवळ, आजीजवळ, विश्वासाच्या शिक्षकांजवळ बोलावे. ज्याच्याविषयी तो विचार आला, त्याच्याच पुढे मात्र तो ओतू नये. त्याने आपले मन हलके होईल, पण त्याचे जड होईल. त्याच्यासाठी एखादे चांगले काम करावे. मैत्रिणीचे अभिनंदन दुसऱ्या दिवशी, टाळ्यांचा आवाज नसताना, पुन्हा करावे. पश्चात्तापाचे नाणे असे कृतीत मोडले, तरच ते उपयोगी पडते.

आणि शिक्षकहो, एखादा मुलगा धीर करून सांगू लागला, ‘सर, माझ्या मनात वाईट येते’, तर त्याला प्रथम शेवटपर्यंत ऐकून घ्या. ज्या शाळेत मूल असे निर्भयपणे बोलू शकते, त्या शाळेने साठ वर्षांत पुष्कळ कमावले, असे मी म्हणेन. आपल्या विद्यालयाला शताब्दीसाठी मनःपूर्वक शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.