मिसरोद ते वनविहार : सायकलची एक वाट



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या तसबिरीसमोर उभे राहून बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी विचार मांडले. मी रस्ते मोजण्यात हयात घालवलेला एक सेवानिवृत्त अभियंता. माझ्यापाशी विद्वत्ता नाही. एक विषय आहे, आणि एक जुनी कबुली आहे.

माझे बालपण मिसरोदच्या रेल्वे वसाहतीत गेले. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि नागपूरकडची अनेक मराठी कुटुंबे भोपाळास आली, त्यांतलेच आमचे एक. मिसरोद तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते. मी तेथून सायकलने शाळेत येत असे. होशंगाबाद रस्त्यावर त्या काळी दिवसभरात इतकी कमी वाहने जात, की येणारा ट्रक कोणाचा हे आम्ही पोरे आवाजावरून सांगत असू. सर भूगोल शिकवीत आणि नकाशा भिंतीवरचा कमी व पायांखालचा अधिक वापरीत. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी आम्हां दहाबारा जणांना घेऊन ते मोठ्या तलावाच्या काठच्या टेकडीवर जात. तिथे दगडाच्या खाणी होत्या. त्यांच्या सभोवती कमरेइतके गवत. परतल्यावर आई मोज्यांतली कुसळे चिमट्याने काढीत बसे आणि सरांच्या नावाने बोटे मोडी.

तीच टेकडी आज वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ साली सुमारे ४४५ हेक्टर क्षेत्र राखीव झाले, खाणी थांबल्या आणि गवताला पुन्हा उसंत मिळाली. आपल्याकडे गवताळ माळाला पडीक म्हणण्याची खोड आहे. झाड दिसले की आपण वन म्हणतो, गवत दिसले की भूखंड! प्रत्यक्षात गवतावर किती जीव तगून असतात, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कान्हाचा बारशिंगा गवतावर जगतो आणि पाडसेही उंच गवतातच दडवितो. १९७० च्या सुमारास त्यांची संख्या केवळ ६६ वर आली होती. कुरणे राखली, तेव्हा तो सावरला. आणि २०१५ साली त्यांतले काही बारशिंगे आपल्या वनविहारात आणले गेले.

या उद्यानातून रामू आणि चीकू अशा दोन दरवाजांना जोडणारा सुमारे ५ किलोमीटरांचा रस्ता जातो. एका बाजूस तलावाचे पाणी, दुसऱ्या बाजूस चढत गेलेले गवत. श्रावणात ते पोपटी असते, कार्तिकात सोनेरी. तिथे भाड्याने सायकली मिळतात. २०२५ साली खासगी मोटारींना आत बंदी होऊन विजेच्या गाड्या सुरू झाल्या. आता पहाटे या रस्त्यावर सायकलच्या साखळीचा आवाजही स्वच्छ ऐकू येतो. सायकल अगदी निष्पाप आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मोटारीस सरावलेले चितळ शेजारून गाडी गेली तरी चरत राहतात. सायकलवरचा माणूस दिसला की मान वर करतात. म्हणून थांबावे, तेही दुरून, आणि घंटी वाजवू नये.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात हीच रीत फार पूर्वीपासून आहे. तिथे पायी, सायकलने किंवा पायरिक्षाने फिरता येते, आणि रिक्षा ओढणारी माणसेच पाखरांची नावे सांगतात. एखाद्या पंडितालाही त्यांनी बोलते करावे, इतकी त्यांची जाण!

आता माझा मुख्य मुद्दा. वनविहारात शांतपणे सायकल चालवता येते. पण मिसरोदच्या मुलाने तिथे सायकलने जायचे कसे? मी पाहतो, माणसे मोटारीने दरवाजापर्यंत येतात, मोटार उभी करतात आणि भाड्याची सायकल घेऊन निसर्गात जातात. याला मी सायकलचा प्रसार म्हणत नाही. मिसरोदहून निघणाऱ्यापुढे महामार्ग आहे. याच रस्त्यावर २०१३ साली मिसरोद ते बैरागढ असा २४ किलोमीटरांचा जलद बसमार्ग झाला. २०१७ साली होशंगाबाद रस्त्याला सायकलमार्ग आणि भाडेतत्त्वावरच्या सायकली आल्या. २०२४ साली बसमार्ग उखडण्यास आरंभ झाला. रस्त्याची रुंदी कोणाची, हा वाद असा दर काही वर्षांनी नव्याने मांडला जातो आणि त्यात सायकलवाल्याचा वकील नसतो.

वकील का नसतो, ते मी आतून पाहिले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ साली सायकलमार्गांच्या रचनेची संहिता काढली. तिचा निकष असा : तासाला २०० हून अधिक मोटारवाहने जात असतील, तर गर्दीच्या तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग रास्त ठरतो. निकष उदार आहे, आणि तोच मी वापरला. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका रस्त्याच्या रुंदीकरणासाठी मी वाहनगणना केली. मोटारी भरपूर निघाल्या. सायकली शंभराच्या आत. मी अहवालात लिहिले, ‘स्वतंत्र सायकलमार्गाची आवश्यकता दिसत नाही.’ खाली सही केली. रस्ता रुंद झाला.

पुढे सरांना भेटावयास गेलो तेव्हा ही गोष्ट मी काहीशा अभिमानानेच सांगितली. ते तेव्हा निवृत्त झाले होते. सायकल मात्र ओसरीत होती. त्यांनी विचारले, “मोजलेस कुणाला रे?” मी म्हणालो, “सर, जे रस्त्यावर होते त्यांना.” ते म्हणाले, “आणि जे ट्रकला भिऊन घरीच राहिले, ते कोणत्या रकान्यात लिहिलेस?” त्या नमुन्यात तसा रकाना नव्हता. आजही नसतो. रस्ता जितका धोक्याचा, तितक्या सायकली कमी. सायकली जितक्या कमी, तितकी मार्गाची गरज कमी! हे उलटे गणित मी सहीनिशी मांडले होते, आणि सरांच्या हयातीत ते मला दुरुस्त करता आले नाही.

म्हणून आज एक वाट सुचवितो. ती मी शोधलेली नाही, पाण्याने शोधलेली आहे. मोठा तलाव भरला की भदभद्याचे ११ दरवाजे उघडतात. ते १९६५ साली झाले, तेव्हा सर आम्हांला मुद्दाम पाहावयास घेऊन गेले होते. ते पाणी कलियासोत धरणात येते आणि तेथून कलियासोत नदी कोलार रस्ता ओलांडून, सलैयाच्या बाजूने, मिसरोदच्या पुढे महामार्गाखालून निघून भोजपूरकडे बेतव्याला जाते. म्हणजे वनविहाराच्या काठचे पाणी आपल्या मिसरोदच्या शिवारापर्यंत येतेच. या नदीच्या दोन्ही काठांवर ३३ मीटरांपर्यंत बांधकाम नसावे, हरित पट्टा असावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने २०१४ साली दिला. सायकलींच्या दुहेरी वाटेस १९६२ च्या त्या संहितेप्रमाणे २ मीटर पुरत. उरलेल्या ३१ मीटरांत गवत, करंज, अर्जुन आणि खंड्याची बिळे सुखाने राहू शकतील.

अडचणी मला ठाऊक आहेत. काठावर खासगी शेते आहेत, घरेही उठली आहेत, सांडपाणी नदीत येते. भदभदा उघडला की सखल वाट पाण्याखाली जाईल. तिथे डांबर नको, मुरूम हवा. कलियासोत व केरव्याच्या बाजूस वाघ फिरतात. तेव्हा सूर्यास्तानंतर ती वाट वाघाचीच समजावी. वाट पूर्ण होईल न होईल. पण मागणी करणाऱ्याच्या हाती आकडे हवेत, आणि ते कोणी आयते देणार नाही.

त्यासाठी मी आज एक कोरी वही आणली आहे. तिच्यात नेहमीचे रकाने आखले आहेत : ट्रक, बस, मोटार, स्कूटर, सायकल. शेवटी एक जास्तीचा रकाना आहे. आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या गल्लीत घरोघरी जाऊन विचारायचे : घरात सायकल आहे का, असल्यास ती रस्त्यावर का येत नाही, सुरक्षित वाट झाली तर कोण कोण निघेल? मुलीही विचारतील आणि मुलींनाही विचारले जाईल, हे सांगावयास नको. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी मिसरोद स्थानकाबाहेर उभा असेन. सोबत मोजपट्टी असेल, आणि ओसरीतली ती सायकलही. सरांच्या मुलीने तेलपाणी करून ती मला दिली आहे. नदीकाठाने जिथवर जाता येईल तिथवर जाऊ, आणि जिथे वाट अडते ती जागा वहीत लिहून ठेवू. मुख्याध्यापक महोदय, ही वही मी आपल्या स्वाधीन करतो.