दहावा माणूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. पण आपले मंडळ कसे वाढेल, हा विषय निघाला आणि मला माहेरची एक गोष्ट आठवली. तीच सांगते.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, दिवेकर ही आमची आडनावे गावांवरूनच पडली. मुंबईतले आमचे पहिले प्रार्थनालय १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले.

आमच्या रीतीप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढे आमच्यातली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. माझ्या लहानपणी आमच्या गावी दहाची मोजणी जेमतेम पुरी होई.

एका शनिवारी नऊच जमले. जवळच एक गृहस्थ राहत, पण बरेच दिवस ते फिरकले नव्हते. त्यांना बोलावायला आजी गेली, मी तिचे बोट धरून. ते दारातच म्हणाले, "काकी, आज दहावा हवा म्हणून माझी आठवण झाली. पावसाळ्यात मी दोन महिने अंथरुणावर होतो, तेव्हा या ओट्यावर कोण आले होते?"

आजी निरुत्तर झाली. त्यांना चल म्हणण्याचा तिला धीर झाला नाही. ती ओट्यावर बसली आणि तब्येतीची चौकशी करून परतली. त्या दिवशी तोराहचे वाचन झाले नाही.

तेव्हापासून आजीने एक नेम केला. दर आठवड्याला दोघी बायकांनी एका घरी जायचे, तेही काही काम न काढता. नवसाचा मलिदा झाला, की पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट न आलेल्यांच्या घरी आधी पोचवायचे. चारसहा आठवड्यांनी ते गृहस्थ न बोलावता आले आणि आपल्या जागी बसले.

आजीमुळे कोणाचे इस्राएलला जाणे थांबले नाही. ते थांबवावे असे तिला वाटतही नव्हते. पण माझे लग्न होईपर्यंत तिथे दहा माणसे जमत होती, एवढे खरे.

पुढे यजमानांच्या विमान कारखान्यातील नोकरीमुळे मी ओझरला आले. इथे आमचे प्रार्थनालय नाही, आमची माणसेही नाहीत. पहिल्याच महिन्यात आपल्यातल्या दोघी माझ्या दारी आल्या. शुक्रवारी दिवेलागणीला मी शब्बाथचा दिवा लावते, हे त्यांना बोलता बोलता कळले आणि मंडळाची शुक्रवारची सभा गुरुवारी होऊ लागली. मी मंडळाची झाले ती त्या दिवशी. वर्गणी नंतर भरली.

आज हजेरीपुस्तकात काही नावांपुढे कित्येक महिने सही नाही. त्यांना सभेची चिठ्ठी जाते, पण घरी कोण जाते? माझी एवढीच विनंती, की पुढच्या सभेपूर्वी प्रत्येकीने अशा एका घरी जावे. वर्गणीचे पुस्तक बरोबर नेऊ नये. नुसते बसावे, विचारपूस करावी आणि परत यावे.

मी माझे घर ठरवले आहे. उद्या सकाळी जाणार आहे.