दुसऱ्या नळीचे काम



आमचे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या तोंडून आणि रद्दीतल्या पुस्तकांतून. तेव्हा रेडिओच्या विद्येवर आम्ही बोलावे, हे धाडसच आहे. परंतु मोबाइलच्या मनोऱ्यांवर चढणारे तंत्रज्ञ आमचे सभासद आहेत. त्यांतील एकाने विचारले, "अण्णा, मध्यरात्री गावात फारसे कुणी बोलत नसते, तरी वरचे यंत्र गरम लागते. ही वीज जाते कुठे?" या प्रश्नाच्या मागे आमचा एक उन्हाळा गेला.

रेडिओलहरी दूरवर धाडण्यापूर्वी त्यांना बळ देणारे जे यंत्र, तो शक्तिविवर्धक, म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायर. त्याचा दोष एका दाखल्याने सांगतो. चार मजली चाळीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. पाणी चौथ्या मजल्यावर वापरले, तर चढवण्याचे श्रम बहुतेक कारणी लागतात. तेच पाणी तळमजल्यावर वापरले, तर चढवण्याचा खर्च तेवढाच, आणि मधल्या मजल्यांचे श्रम फुकट. विवर्धकाला मिळणारा विजेचा दाब असाच ठरलेला असतो. निघणारी लहर दुबळी असली की न वापरलेला दाब यंत्रातच उष्णता होऊन जिरतो. 'ब' वर्गाच्या आदर्श विवर्धकाची कार्यक्षमता पूर्ण उत्पादनाला 78.5 टक्के असते. लहरीचा दाब निम्म्यावर आला, म्हणजे शक्ती चतुर्थांशावर आली, की ती 39 टक्क्यांवर उतरते.

आणि दुबळी लहर हीच नेहमीची गोष्ट! जुन्या मध्यमलहरी प्रक्षेपकात आवाजाच्या शिखरावर शक्ती वाहक लहरीच्या चौपट होई. म्हणजे यंत्र घ्यायचे चौपटीचे आणि बहुतेक वेळ चालवायचे पावपट. 50 किलोवॅटच्या केंद्रावर कार्यक्षमता 33 टक्के धरली, तर 150 किलोवॅट वीज लागे आणि 100 किलोवॅट नुसती उष्णता होई.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतले विल्यम डोहर्टी यांनी 1936 साली यावर तोड काढली. एका नळीऐवजी, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी, त्यांनी दोन घेतल्या. लहर दुबळी असताना पहिली एकटी राबते आणि दुसरी गप्प असते. पहिलीपुढचा रोध मुद्दाम मोठा ठेवलेला असल्याने चतुर्थांश शक्तीलाच ती आपला पूर्ण दाब गाठते आणि पूर्ण कार्यक्षमतेने चालते. त्यापुढे लहर चढू लागली की दुसरी जागी होते. दोहोंच्या मध्ये तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी वाहिनी असते. एका टोकाचा रोध वाढला की दुसऱ्या टोकास तो घटलेला दिसावा, हा तिचा गुण. म्हणून दुसरी प्रवाह घालू लागताच पहिलीपुढचा रोध कमी होतो आणि तिला त्याच दाबावर अधिक प्रवाह देता येतो. शिखरावर पहिली आपल्या आधीच्या दुप्पट शक्ती देते, दुसरीही तेवढीच देते, आणि बेरीज चौपट होते. त्याच 50 किलोवॅटला कार्यक्षमता 60 टक्के मिळाली, तर वीज सुमारे 83 किलोवॅट लागते आणि उष्णता 33 वर येते.

दुसरेही मार्ग निघाले. फ्रान्समध्ये शिरे यांनी 1935 साली दोन विवर्धकांच्या लहरी मागेपुढे सरकवून त्यांची बेरीज कमीजास्त करण्याची युक्ती मांडली. अमेरिकेतील लिओनार्ड कान यांनी 1952 साली विजेचा दाबच लहरीबरोबर हलवला. म्हणजे टाकीच वरखाली केली. आज नळीची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आहे. 4जी-5जीच्या लहरीची शिखरे सरासरीच्या पाच-दहा पट उंच जातात, म्हणून मोबाइलच्या मनोऱ्यांवर डोहर्टींचीच पद्धत फार चालते. तिच्यात लहर थोडी वाकडी होते. ती सरळ करण्याचा हिशेब संगणक करतो. असे असूनही, अगदी थोड्या कामाला कार्यक्षमता ढासळतेच, आणि कुणी बोलो न बोलो, मनोऱ्याला आपल्या खुणेच्या लहरी पाठवाव्याच लागतात. आमच्या सभासदाला मध्यरात्री लागलेली ऊब ती हीच.

आता आमच्या धंद्याचे बोलतो. 'कार्यक्षमता' हा शब्द ऐकला की कामगाराच्या पोटात गोळा येतो. 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला, त्याच्या मुळाशी दोनाऐवजी तीन माग सांभाळण्यासारख्या योजना होत्या. आमच्या एका मालकाने हिशेब मांडला, की मनोऱ्यावर एकजण चढतो आणि दुसरा खाली नुसता उभा असतो; सबब दुसरा कमी करावा. तो कमी झाला. त्या पावसाळ्यात आमचा एक पोरगा वर गेला असता पायात गोळे येऊन पट्ट्यावर दोन तास लोंबकळत राहिला. मेंढरे घेऊन चाललेल्या एका धनगराने त्याला पाहिले, म्हणून तो वाचला. पुढच्या बैठकीला आम्ही डोहर्टींच्या दोन नळ्यांचे चित्र कागदावर काढून नेले. हातात घड्याळ घेऊन बसलेला तपासनीस दुसरी नळी पाहता क्षणी म्हणेल, ही रिकामी आहे, हिला काढा. काढली तर शिखर गाठता येणार नाही. आणि शिखरही एकटीनेच गाठायचे ठरवले, तर तिला पुन्हा वीज जाळीत बसावे लागेल. गप्प उभ्या असलेल्या दुसरीच्या भरवशावरच पहिली काटकसरीने राबते.

दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही जाणतो. माणूस नळी नाही. त्याला बायकामुले असतात. परंतु हिशेबाची चूक दोन्हीकडे एकच आहे. यंत्र विकणारा पूर्ण भाराचा आकडा दाखवतो. आपण त्याला पावभाराचा विचारावा, कारण वीजबिल आणि डिझेल त्यावर ठरते. आणि माणसाचा हिशेब मांडताना रिकामा दिसणारा तास खोडण्याआधी विचारावे, की हा उभा आहे म्हणून दुसऱ्या कुणाचे काम नीट चालले आहे का?

त्या बैठकीतून दुसरा माणूस परत मिळाला. तो आजही खाली नुसता उभा असतो. तो तसाच उभा राहो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.