बंद इंजिन, २५ डॉलर

जुनी मॉडेल ट्रेन स्वस्तात कुठे मिळते, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. तर ऐका.

मी नोकरीसाठी मॅसॅच्युसेट्समध्ये असतो. इथे वेस्ट स्प्रिंगफील्डला जानेवारीत शनिवार-रविवार रेल्वे हॉबीचं मोठं प्रदर्शन भरतं. मी जातो रविवारी दुपारी. उरलेलं सामान परत न्यायचा सगळ्यांना कंटाळा असतो, त्यामुळे भाव उतरतात. आणि बघायचं टेबलावर नाही, टेबलाखालच्या खोक्यांत!

यंदा एका आजींकडे लायोनेलचं १९५०च्या दशकातलं वाफेचं इंजिन दिसलं. "मिस्टरांचं होतं. बंद आहे, २५ डॉलर द्या," म्हणाल्या. टेस्ट ट्रॅकवर ठेवलं. दिवा लागला, चाकं ढिम्म.

माझ्या लगेच लक्षात आलं. या इंजिनांत ई-युनिट नावाचा स्विच असतो. वीज बंद-चालू केली की पुढे, न्यूट्रल, मागे, न्यूट्रल असा क्रम चालतो. बॉयलरवरची छोटी दांडी सरकवली की तो आहे तिथेच थांबतो. इथे तो न्यूट्रलला थांबला होता, बस्स!

पैसे देऊन गप्प निघता आलं असतं. हात खिशात गेलाही होता. पण नाही जमलं. दांडी सरकवली, वीज दिली, आणि इंजिन सुसाट!

आजी बघतच राहिल्या. मग ते कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलं. "आता नाही विकायचं."

मी ५ डॉलरचा मालडबा घेऊन घरी आलो. त्याला ओढायला इंजिन अजून शोधतोय. भेटू पुढच्या भागात!