न आलेल्या रकमेचा हिशेब

ग्वाल्हेरच्या लष्करात खासगी बाजार आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीने १८१० साली येथे तळ दिला व छावणीचेच पुढे शहर झाले. म्हणून नाव लष्कर. मराठ्यांच्या उत्तरेतील कारभाराचा पैसा थैल्यांइतकाच हुंड्यांवरूनही फिरे. दर्शनी हुंडी दाखविताच रोख मिळे. मुदती हुंडीची रक्कम ठरल्या दिवशी. तोवर मुनीम हातावर हात ठेवून बसत नसे. पैसा आलेला नसला, तरी आल्यावर त्याचे काय करावयाचे हे तो आधीच ठरवून ठेवी.

संगणकाच्या आज्ञा लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आला. दूरच्या यंत्राकडून उत्तर येण्यास वेळ लागतो. तोपर्यंत सारे काम खोळंबावे काय? डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांनी १९७६ साली न आलेल्या मूल्याला ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन, हे नाव दिले. पुढच्याच वर्षी हेन्री बेकर व कार्ल ह्युइट यांनी ‘फ्यूचर’ म्हटले. दोन्ही नावे सराफ्यात शोभली असती!

गणितातील फलनांच्या धर्तीवर आज्ञा लिहिणाऱ्या पद्धतीत हे वचन हीच एक वस्तू मानतात. तिच्यावर फलन लावले, की नवे वचन मिळते. मूळचे अबाधित राहते. इंदूरची रक्कम कळल्यावाचून जयपूरची मागणी लिहिता येत नसेल, तर एकामागून एक जावे लागते. दोन्ही स्वतंत्र असतील, तर एकदमच रवाना कराव्यात. हा भेद न ओळखल्याने पुष्कळ वेळ व्यर्थ जातो.

खरी कसोटी हुंडी नाकारली गेली म्हणजे लागते. जुन्या रीतीत अपयशाची खूण म्हणून शून्य किंवा उणे एक परत येई आणि निष्काळजी हिशेबात तेच रक्कम म्हणून मिळविले जाई. येथे ‘मिळाले’ व ‘नाकारले’ ह्या दोन्ही शक्यता मूल्यातच बांधलेल्या असतात. नकार आला, तर पुढची फलने वगळली जातात आणि त्याचे कारण शेवटपर्यंत पोहोचते.

एक भेद मात्र विसरू नये. जावास्क्रिप्ट भाषेतील वचन निर्माण होताच काम सुरू झालेले असते. एफ-शार्पमधील ‘असिंक’ मूल्य हे केवळ कामाचे वर्णन. चालविल्यावाचून काहीच घडत नाही. ती लिहून पेटीत ठेवलेली, अद्याप टपालात न पडलेली हुंडी होय.