मशेरीची डबी आणि आपलं जेवण

व्यसनाचा विषय निघाला की आपण बायका लगेच पुरुषांकडे बोट दाखवतो. बिडी त्यांची, गुटखा त्यांचा. आणि आपल्या कमरेची मशेरीची डबी? ती म्हणे दात घासायला! तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, झाली मशेरी. भाजल्यानं त्यातलं निकोटीन संपत नाही. तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून ते रक्तात उतरतं. म्हणून तर सकाळी लावली तरी दुपारी परत तलफ येते. दिवसातून पाच वेळा दात कोण घासतं?

निकोटीन भूक मारतं. खुरपणीला जाताना मशेरी लावली की दुपारपर्यंत पोटाची आठवण होत नाही. गटातली एक ताई सरळ म्हणाली, "भाकरी पुरत नव्हती तेव्हा सासूनं शिकवली." तिला नावं ठेवायला माझी जीभ वळली नाही. पण भूक मेली म्हणून शरीराची गरज मरत नाही. आधीच आपल्यातल्या कितीतरी जणींच्या अंगात रक्त कमी. त्यात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं आणि वर चहा. जेवणाला लागून चहा घेतला की भाजी-भाकरीतलं लोह अंगी कमी लागतं. तेच लिंबू पिळलं तर जास्त लागतं. दिवस गेलेल्या बाईनं मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. सुनेला लोहाच्या गोळ्या आठवणीनं द्यायच्या आणि तिच्या डबीकडे काणाडोळा करायचा, हे मला पटत नाही.

आता घरातल्या बिडीवाल्यांचं. धुरामुळे शरीरातलं क जीवनसत्त्व जास्त खर्च होतं, म्हणून आवळा, पेरू, लिंबू त्यांना जास्तच हवं. पण "मी दूध-अंडी खातो, मला काय होतंय" हे काही खरं नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना गाजरात असतं त्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. १९९४ साली निकाल आला, तर गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट जास्त निघाला! गाजर खुशाल खा, ते चांगलंच. पण गोळी घेऊन धूर धुतला जात नाही.

सोडताना पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, डोकं दुखतं, भूक उसळते. त्या भुकेला घाबरू नका. फुटाणे, शेंगदाणे जवळ ठेवा, डबीत बडीशेप भरा. थोडं वजन वाढलं तर वाढू दे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखटानं आग होणं, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा, दुखत नसलं तरी. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोनही आहे, पैसे लागत नाहीत. वही घ्या, सांगते: १८०० ११ २३५६. घरच्यांनाही द्या.