मनाचं दळण



पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला आमची वस्ती आहे. तिथल्या आमच्या बचत गटाच्या वतीनं आज आम्ही तुमच्याशी बोलतोय. आम्ही बारा जणी. कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी पोळ्या लाटायला जाते, कुणी घरीच शिवणकाम करते. बहुतेक जणींचं माहेर मुळशी, वेल्हे, भोर भागातलं. दोघी मराठवाड्यातून पोटासाठी इकडे आल्या. म्हणजे राहायला शहरात असलो तरी आम्ही तुमच्यातल्याच.

आज बचतीचं, कर्जाचं बोलायचं नाही. आज मनाचं बोलायचंय. हातानं काही घडवलं, शब्दानं काही रचलं, तर दुखलेलं मन कसं सावरतं, यावर आज बोलू या.

तुम्ही म्हणाल, हे शिकलेल्यांचे छंद. आपल्याला कुठला वेळ? पण सख्यांनो, आपल्या आज्या-पणज्या हेच करत आल्या. भल्या पहाटे, घर झोपेत असताना, त्या जात्यावर बसायच्या. एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं वैरण घालायची. जातं फिरू लागलं की आपोआप ओवी यायची. पहिली ओवी देवाची, मग आईबापाची, मग भावाची, अशी रीत. समोर जाऊ बसलेली असेल तर एकीनं म्हणायची आणि दुसरीनं उचलायची. सासरचा जाच, माहेरची आठवण, गेलेलं लेकरू, वनवासातली सीता, पंढरीचा विठ्ठल, सगळं त्या ओवीत यायचं. पुढे बाबासाहेबांच्याही ओव्या आल्या. ज्या घरात बाईला मोठ्यानं बोलायची मुभा नव्हती, त्याच घरात ती पहाटे मोठ्यानं गात होती. आणि तिला कुणी अडवत नव्हतं, कारण दळण चाललेलं असायचं.

हे सगळं वाऱ्यावर गेलं असतं. पण आपल्याच पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या दोघांनी ते जपलं. गी मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच झाले. जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या गरीब माणसांबरोबर काम करताना त्यांना या ओव्यांचं मोल कळलं. मग गावोगावच्या बायांनाच सोबत घेऊन त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. बघता बघता महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ओवी कुणी म्हटली, कुठल्या गावची, हेही लिहून ठेवलं. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. आता ‘पारी’ नावाच्या संकेतस्थळावर यातल्या कितीतरी ओव्या मोबाइलवर ऐकता येतात. घरी कुणा पोरीला सांगा, लावून देईल. कदाचित तुमच्या आजोळच्या गावचं नावही सापडेल.

विचार करा, एक लाख ओव्या. त्या रचणाऱ्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. आपण कवी आहोत, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. आम्हाला जातं परत आणायचं नाही. दोन-दोन पायली दळून हाताला घट्टे पडायचे, खांदे भरून यायचे, बाळंतिणीलाही सुटका नसायची. गावात गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, हे फार चांगलं झालं. पण जात्याबरोबर आणखी काहीतरी गेलं. पहाटेचा तो तास गेला, जो बाईचा स्वतःचा होता. दळण गिरणीत गेलं, पण मनातलं दुःख कुठे न्यायचं? त्याची सोय कुणी केली नाही. ते डोक्यातच राहिलं आणि तेच तेच दळण डोक्यात रात्रंदिवस सुरू झालं. पीठ मात्र पडेना.

हे आम्हाला कळलं ते आमच्याच गटातल्या एका ताईमुळे. तिच्या परवानगीनं सांगतोय, नाव सांगणार नाही. तिचा नवरा आजारानं गेला. वर्ष उलटलं तरी ती बैठकीत एक शब्द बोलायची नाही. यायची, बचतीचे पैसे ठेवायची, सही करायची, भिंतीला टेकून बसायची. हप्ता तिचा कधी चुकला नाही. वहीत बघितलं तर सगळं व्यवस्थित होतं. पण बाई हळूहळू विझत चालली होती, आणि तशी नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं, महिन्यातून दोनदा, हिशेब संपल्यावर एक तास जास्त बसायचं. घरून प्रत्येकीनं काहीतरी हातकाम आणायचं. विकायचं नाही, कुणाच्या मागणीचं नाही, आपल्या मनाचं. एकीनं रांगोळीची वही आणली. एकीनं लोकरीचं तोरण. सगळ्यात म्हाताऱ्या मावशींनी काहीच आणलं नाही, त्या म्हणाल्या, मला दोन-चार ओव्या येतात, त्या म्हणते. आणि त्या ताईनं एक दिवस पिशवी आणली. पिशवीत नवऱ्याचे शर्ट होते.

तिला गोधडी शिवायची होती. गोधडी कशी शिवतात, तुम्हाला सांगायला नको. खाली जुनं लुगडं अंथरायचं, आत जुन्या कापडांचे थर, वर तुकडे मांडायचे आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत यायचं. घाई चालत नाही. मोठे टाके घातले तर पहिल्याच धुण्यात उसवते. पहिल्या दिवशी तिनं फक्त एक शर्ट उसवला आणि रडली. आम्ही तिला गप्प केलं नाही. मावशींनी हळूच ओवी धरली, बाकीच्या आपापलं काम करत राहिल्या.

सात-आठ महिने लागले. मधल्या काळात ती बोलू लागली. आधी कापडाविषयी. हा शर्ट दिवाळीचा, हा कामावरचा, याच्या खिशाला बिडीनं भोक पडलेलं. मग माणसाविषयी बोलू लागली. चांगलंही, वाईटही. तो प्यायचा, हेही त्यातच सांगितलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून जे ती गिळून बसली होती, ते टाक्याटाक्यानं बाहेर आलं.

पण सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. या तासावरून गटात वादही झाला. एक जण म्हणाली, एवढ्या वेळात पापड लाटले असते तर चार पैसे आले असते. तिचं काही चूक नव्हतं. घरभाडं थांबत नाही, पोरांची फी थांबत नाही. गोधडी पूर्ण झाल्यावर तर मोठाच प्रश्न आला. एका कामाच्या घरच्या बाईंनी ती पाहिली आणि चांगली किंमत देते म्हणाल्या. आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, दे. आज शहरात गोधडीला मागणी आहे. ताई दोन दिवस विचार करत राहिली. मग म्हणाली, “तुम्हाला दुसरी शिवून देते, पैसे घेऊन देते. ही माझी पूजा आहे, ही नाही विकत.” आज ती खरंच मागणीप्रमाणे गोधड्या शिवते. ती पहिली मात्र तिची मुलगी पांघरते.

त्या दोन वाक्यांनी आमचा वाद मिटला. आपल्या गटात प्रत्येक गोष्टीला भाव लागतो, आणि लागायलाच हवा, त्याशिवाय घर चालत नाही. पण बाईच्या आयुष्यात एखादी तरी गोष्ट अशी हवी, जिला भाव नाही, जी तिनं फक्त मनापासून केली. देवापुढे आपण दिवा लावतो, तो का विकायला लावतो? तसंच हे. जनाबाईंची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांच्या घरी त्या दळण-कांडण करायच्या आणि विठ्ठल येऊन दळू लागायचा. त्या कथेचा अर्थ आम्ही असा घेतो, की देव देवळात येईल तेव्हा येईल, पण मन लावून काम करत गाणाऱ्या बाईच्या शेजारी तो बसतोच. देव न मानणाऱ्या दोघी आमच्या गटात आहेत. त्या म्हणतात, देवाचं माहीत नाही, पण त्या तासाला डोकं शांत होतं. आम्हाला दोन्ही पटतं.

दुःखात रचलेलं पुढे किती जणांना उपयोगी पडतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८० चा. शाळेचं तोंड पाहिलं नाही. तरुणपणीच वैधव्य आलं, पदरात मुलं, वर शेतीचे कष्ट. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या आणि म्हणायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं लिहून घ्यायची. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. पुस्तक पाहायला त्या नव्हत्या. पण पुस्तकासाठी त्यांनी रचलंच नव्हतं. त्यांना रोजचा दिवस त्या गाण्यांनी पेलता येत होता.

आणि आपल्या पुण्याच्या सावित्रीबाई. मुलींना शिकवायला निघाल्या की अंगावर शेण-माती यायची. त्याच धामधुमीत, १८५४ साली, तेविसाव्या वर्षी त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. एवढ्या कामात कविता कशाला, असं त्यांना वाटलं नाही.

हे नुसतं आमचं म्हणणं नाही. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या काही मुलामुलींना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीविषयी लिहायला सांगितलं. काहींना साध्यासुध्या विषयावर लिहायला दिलं. मनातलं लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर आधी जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना डॉक्टरकडे कमी वेळा जावं लागलं. आमच्या ताईचा पहिला दिवस आठवा. आधी रडू येतं. त्याला घाबरून पिशवी परत कपाटात टाकू नका.

तरी एक सांगतो. गोधडी म्हणजे औषध नव्हे. झोप पार उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटू लागला, तर ओवीवर थांबायचं नाही. सरकारी दवाखान्यात दाखवायचं. १४४१६ हा टेलिमानसचा फोन नंबर लिहून ठेवा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नवरा मारत असेल तर त्यावरही गोधडी हा उपाय नाही, तिथे गटानं पाठीशी उभं राहायचं आणि मदत मागायची.

तुमच्या गटात हे सुरू करायचं तर फार काही लागत नाही. बैठकीचा हिशेब आधी पूर्ण करा, म्हणजे कुणाची तक्रार नको. मग अर्धा तास ठेवा. चांगलं-वाईट कुणी ठरवायचं नाही, नंबर काढायचा नाही. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं, पाणवठ्यावर न्यायचं नाही. पहिली वस्तू विकायची नाही, दुसरी खुशाल विका. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायचं, शाळेत जाणाऱ्या पोरीनं लिहायचं. आणि गावात ज्या म्हाताऱ्या आहेत त्यांना बोलवा, त्यांच्या ओव्या मोबाइलवर भरून घ्या, खाली त्यांचं नाव आणि गाव लिहा. हे काम उद्यावर टाकू नका, त्यांचं वय थांबत नाही.

कुणी विचारलंच, की हे बचत गटाचं काम आहे का, तर सांगा, आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. मनाचं आरोग्य त्यातच येतं.

सख्यांनो, आपण महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला काढायला शिकलो. सुरुवातीला तेही जमणार नाही असंच वाटलं होतं. आता स्वतःसाठी अर्धा तास बाजूला काढू या. येत्या बैठकीला पैशांबरोबर एक सुई-दोरा घेऊन जा, नाहीतर एक ओवी.